पाटावरचं टोपण

एका काळ्या तारेच्या टोकाला बसवलेलं, बोटाच्या पेराएवढं टोपण नेमकं काय करतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही नीटसं कळलेलं नाही. त्याच्यापायी माझी नोकरी मात्र जाता जाता राहिली.

बालाघाटमध्ये मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लास सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत होता; मधल्या दारापलीकडे देवघर. वायफाय वगैरे तेव्हा नव्हतं. टीव्हीच्या केबलसारखी तार एका कॉम्प्युटरच्या पाठीमागून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जायची. प्रत्येकाच्या पाठीला इंग्रजी टी अक्षरासारखा जोड. पहिल्या आणि शेवटच्या जोडाची एक बाजू रिकामी उरायची, तिथे एकेक टोपण. गोंदियाच्या ज्या माणसाने हे बसवलं, तो म्हणाला होता, ‘‘टोपण नसलं की सिग्नल टोकावर आपटून परत येतो.’’ तार तर तिथेच संपते, मग परत येतो तो कुठून? मी विचारलं. ‘‘मॅडम, बस लावून ठेवायचं,’’ एवढंच उत्तर मिळालं.

दसऱ्याला सरांच्या आईंनी मशीनांची पूजा केली. पडद्यांवर कुंकू, कीबोर्डांवर झेंडू. दुसऱ्या दिवशी अकराला जबलपूरहून नव्या कोर्सच्या मंजुरीसाठी तपासणीला साहेब येणार होते. सरांनी मला आधीच सांगितलं होतं, ‘‘नेटवर्क चाललं तं कोर्स. कोर्स असन तं तुम्ही.’’

सकाळी मशीनं लावली, तर एकाला दुसरं दिसेना. मध्ये एक जोड सुटला की सगळंच बंद पडतं, हे मला माहीत होतं. पण एकही सुटलेला नव्हता. मी टेबलांखाली बसून प्रत्येक जोड पिळून पाहिला. मशीनं बंद करून परत लावली. काही नाही.

‘‘काल तं चालत होतं न? काहून बंद पडलं?’’ सर डोक्यावर उभे.

‘‘माहीत नाही, सर.’’

‘‘मंग गोंदियावाल्यालेच कामावर ठेवतो ना!’’

मी परत एकदा शेवटच्या मशीनच्या पाठीमागे वाकले, तेव्हा कुठे दिसलं. जोडाची बाजू उघडी होती. टोपण गायब.

ते देवघरात सापडलं. पाटावर विळा, स्क्रू पिळायचा पेचकस, कैची, आणि त्यांच्या ओळीत कुंकू लावलेलं टोपण.

‘‘आई, हे इथं कसं?’’

‘‘आता ते मोठाले डबे पाटावर कसे मांडू? एखादं हत्यार तं पाह्यजे. हे कशालेच लागून नोतं, नुसतं टोकाले लटकून होतं.’’

त्यांच्या म्हणण्यात चूक काढता येईना. मलाही ते कशालाच लागून दिसत नव्हतं. मी हात पुढे केला.

‘‘हात नोको लावू! दुसऱ्या दिवशी दुपारच्या निवदाशिवाय पाटावरचं उचलत नाही आमच्याकडे.’’

सर आईसमोर बोलत नसत. ते घड्याळाकडे पाहत राहिले. साहेब यायला वेळ उरला नव्हता, आणि घरातली रीत मोडायला मी कोण?

‘‘उचलत नाही. जागेवरच फिरवलं तर चालेल?’’

आईंनी जरा विचार केला. ‘‘फिरव. पाटावरून हलवू नोको.’’

कपाटात तारेचा एक जास्तीचा तुकडा आणि एक जास्तीचा जोड पडून होता. तुकड्याचं एक टोक मी शेवटच्या मशीनच्या उघड्या बाजूला लावलं, तार उंबऱ्यावरून देवघरात नेली, तिला जोड लावला आणि टोपण पाटावरच धरून त्यात फिरवून बसवलं. पुढच्या खोलीतून सर ओरडले, ‘‘दिसून राह्यलं! सगळे दिसून राह्यले!’’

का दिसून राहिले, ते विचारू नका.

साहेब आले. एका मशीनवरची फाईल दुसऱ्यावर उघडून पाहिली, मान हलवली. मग त्यांची नजर उंबऱ्यावरच्या तारेवर गेली. ‘‘ये किधर जा रही है?’’

सर माझ्याकडे पाहायला लागले. ‘‘सर, वहाँ खतम होती है,’’ मी म्हणाले. खोटं नव्हतं.

साहेबांनी दाराशी बूट काढले, आत गेले, वाकून टोपण पाहिलं आणि हात जोडले. देवाला की त्याला, कोण जाणे. बाहेर येऊन म्हणाले, ‘‘ठीक है, कोर्स शुरू करिए.’’

दुपारी आईंनी नैवेद्य दाखवला आणि टोपण माझ्या हातावर ठेवलं, सोबत पेढा. ‘‘घे तुह्यं हत्यार. पण पोरी, हे करते काय?’’

‘‘लावून ठेवायचं, आई,’’ मी म्हणाले आणि कुंकू पुसून ते जागेवर बसवलं. सोमवारपासून कोर्स सुरू झाला. सरांनी पुन्हा गोंदियाचं नाव काढलं नाही.