पेरुंगुडीतल्या दोन कॉइल

मिरजेहून निघताना मी बॅगेत पाने, पक्कड, पॉलिश पेपर आणि काळ्या रंगाचा छोटा डबा भरला. बायको बघत होती. "माणसं दसऱ्याला बहिणीकडे साडी घेऊन जातात," ती म्हणाली. "साडीपण घेतलीय," असं मी सांगितलं. ती घेतली नव्हती. वाटेत गाडी बदलायची होती तेव्हा स्टेशनाबाहेर पळत जाऊन घेतली, आणि चेन्नईपर्यंत तिच्या रंगाकडे बघून मन खात राहिलं. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही.

शैला, माझी धाकटी बहीण, चेन्नईतल्या पेरुंगुडीला राहते. तिचे यजमान वसंतराव बँकेत आहेत. उन्हाळ्यात समुद्राकडच्या रस्त्यावर वाळूवरून त्यांची मोटारसायकल घसरली आणि गुडघा मोडला. गुडघा जुळला, बँक सुरू झाली, पण रिक्षाने जायचं आणि रिक्षाने यायचं. बाकी वेळ गॅलरीतली खुर्ची. मोटारसायकल खाली जिन्याशी मुकी उभी. दसरा झाला की ती भंगारवाल्याला द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"दादा, गाडीचं मला काही नाही," शैलाने फोनवर सांगितलं होतं. "पण ती गेली की हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही. तू तेवढी चालू करून दे."

म्हणून मी, मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवणारा आणि सुटीत जुन्या मोटारसायकली उघडून बसणारा माणूस, चेन्नईत उतरलो. ऑक्टोबर होता. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच शर्ट पाठीला चिकटला तो परतीपर्यंत सुटला नाही.

दोन सिलिंडरची जुनी गाडी. प्रत्येकाला स्वतःची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं वेटोळं. दोन्ही टाकीखाली चेसिसला बोल्टने बसवलेली. उघडून पाहिलं तर खाऱ्या हवेने दोन्ही तडकलेल्या.

नव्या कॉइल शोधायला एग्मोरजवळच्या पुदुपेट्टैला गेलो. तिथे गल्लीभर सुट्ट्या गाड्याच मांडलेल्या: एका दुकानात नुसते सायलेन्सर, दुसऱ्यात नुसते आरसे. लुंगी दुमडून बसलेल्या दुकानदाराने माझ्या हातातली मेलेली कॉइल बघितली.

"सेकंड्सा, पुदुसा?" (जुनी हवी, की नवी?)

"पुदुसा," मी म्हणालो. एवढंच कळलं होतं.

"गाडी पळैय (जुनी), कॉइल पुदुसा," तो शेजाऱ्याला म्हणाला आणि दोघेही हसले. मग मला मोडक्या हिंदीत, "सार, गाडी बेचेगा?"

"नहीं."

"अच्छा. बेचेगा तो इधर आना." आणि त्याने समोरून फिल्टर कॉफी मागवली. त्याच्याकडून इतकी कमी खरेदी करून कॉफी प्यायल्याचं वाईट वाटलं, म्हणून एक नको असलेला आरसाही घेतला.

पूजेच्या आदल्या दिवशी कॉइल बसवल्या. उजव्या बाजूची पट्टी गंजून खपली धरली होती. माझ्याने राहवेना. पॉलिश पेपरने घासली आणि काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले. आमच्या घराचं फाटकही मी दर दिवाळीला असंच रंगवतो. रंग वाळल्यावर त्यावर कॉइल ठेवून बोल्ट आवळले. वसंतराव वरून म्हणाले, "दादा, उगाच कष्ट घेताय." मी मनात म्हटलं, उद्या बघा.

उद्याचा दिवस उजाडला तो आयुधपूजेचा, आपल्याकडची खंडेनवमी. मी उठायच्या आत शैलाने माझे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर धुऊन देवापुढे मांडले होते. चंदन, कुंकू, वर झेंडूचं फूल. मोटारसायकललाही हार, चाकांखाली लिंबं. घरमालकीण मामी सुंडल (फोडणी दिलेले उकडलेले हरभरे) घेऊन आल्या. सगळे जमलेले बघून मी किक मारली.

फट्. फट् फट्. धूर आला, आणि गाडी दम लागलेल्या म्हातारीसारखी थरथरत कशीबशी चालू राहिली. उजव्या सायलेन्सरला बोट लावलं, गार. मग डावी बाजूही थांबली.

"उघडून बघतो," म्हणत मी पाने आणायला जिना चढू लागलो. मामी आडव्या आल्या. "इन्निक्कु तोडक्कूडादु." (आज हात लावायचा नाही.)

इथे पूजेत ठेवलेली हत्यारं विजयादशमीच्या सकाळीच उचलतात. शैलाला वीस वर्षांत हे अंगवळणी पडलेलं. "एक दिवस थांब ना, दादा." पण त्याच वेळी गॅलरीतून आवाज आला, "मग आज संध्याकाळीच भंगारवाल्याला फोन करतो. पूजाही झाली तिची."

मी खाली पायरीवर बसलो. त्या क्षणी मला त्या रंगाची आठवण झाली. या गाडीच्या कॉइलला अर्थिंगची वेगळी वायर नसते. करंटची परतवाट बोल्टपट्टीतून, उघड्या लोखंडातून. ती वाट मी स्वतः रंगवून बंद केली होती.

"वसंतराव," मी वर बघून म्हणालो, "गाडी चांगली आहे. पट्टीला मी रंग फासला."

जिन्यावर पावलं, एक जड, एक हलकं. वसंतराव खाली आले, गुडघा धरत वाकले, टाकीखाली डोकावले.

"कॉइलखाली रंग? अहो, फाटक आहे का हे?"

"खरवडायला हवा. पण पाने देवापुढे."

"शैला," त्यांनी हाक मारली, "सांडशी पूजेत आहे का गं?"

"सांडशी? नाही. भात उतरवायचा होता."

"मग आण."

सांडशीचं तोंड कॉइलच्या लोखंडी अंगावर, दांडे इंजिनच्या पात्यांना टेकवलेले, म्हणजे करंटला सांडशीतून परतवाट. धरायचं काम माझं, किक त्यांची, धड पायाने. "फडकं गुंडाळा," असं वसंतराव म्हणेपर्यंत पहिल्या किकलाच मला झटका बसलाही होता. योग्यच वाटला. फडकं गुंडाळल्यावर त्यांनी पुन्हा किक मारली. दोन्ही सिलिंडर एकदम बोलले. मामींनी सांडशीला कुंकू लावलं. "आता ही उद्यापर्यंत गेली," शैला म्हणाली आणि पदराने पातेली उतरवत राहिली.

दसऱ्याच्या सकाळी रंग खरवडला, कॉइल बसवली. "कोवलमपर्यंत जाऊन येऊ," वसंतराव म्हणाले. "तुम्ही चालवा."

हे कोवलम केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेचं कोळ्यांचं गाव. समुद्र डाव्या हाताला दिसत-लपत होता. ते मागे माझा खांदा घट्ट धरून बसले होते. कोवलमला होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळ्यांचे ढीग, माशांचा लिलाव. आम्ही टपरीवर चहा घेतला. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत होते.

"किल्ली द्या," ते म्हणाले.

परतीला मी मागे. एका वळणावर रस्त्यावर वाळू पसरलेली दिसली आणि त्यांची पाठ ताठ झाली. ती जागा हीच, हे विचारावं लागलं नाही. त्यांनी वेग कमी केला, दोन्ही पाय खाली सोडले आणि गाडी वाळूवरून लहान मुलासारखी चालवत पलीकडे नेली. मग गिअर टाकला.

घराशी त्यांनी इंजिन बंद केलं नाही. "उतरा, दादा." मी उतरलो. शैला फाटकाशी आली होती.

"बस."

"अहो, आमटी आहे गॅसवर."

"दादा बघतील."

ती घरातल्याच साडीत बसली. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत उभा होतो.

मिरजेला परतल्यावर सगळे विचारतात, चेन्नईत काय काय पाहिलंत? देवळं, किनारा, संग्रहालय, सगळंच राहून गेलं. एक गल्ली पाहिली आणि तिच्या टोकाला वळणारी मोटारसायकल. आमटी मात्र करपली. ते दोघं अंधार पडेपर्यंत आले नाहीत, आणि करपलेली आमटी मी एकट्याने, पोटभर, अगदी निवांत मनाने खाल्ली.