एक अ‍ॅप, गावभरचे फोन

एकच अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर चालवून दाखवायचा धंदा केला की किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच आणून देते. गोंदियात आमचं दोघांचं ऑफिस. मी अँड्रॉइड पाहायचो, नितेश आयफोन. आता नितेश पुण्यात नोकरीला आहे. त्याच्याशिवाय करमत नाही, म्हणून हे सांगून राहिलो.

* * *

पहिलं अ‍ॅप धानाच्या भावाचं. शेतकऱ्यांच्या अँड्रॉइडवर मस्त चाललं. आयफोन एकट्या राइस मिलवाल्या शेठजींकडे, आणि काम देणारेही तेच! त्यांच्या फोनवर 'भाव पहा'चं बटण नेमकं वरच्या कॅमेऱ्याच्या खाचेत दडलेलं. शेठजी थंडपणे म्हणाले, "सबको दिख रहा है, मेरेकोच नहीं. मेरे से क्या छुपा रहे हो भाई?"

* * *

टेस्टिंगला तऱ्हेतऱ्हेचे फोन आणायचे कुठून? नितेशनं अर्जुनी मोरगावचं एक लग्न गाठलं. पंगतीत वाढायला उभा राहिला आणि भाताची परात बाजूला ठेवून एकेकाच्या फोनवर अ‍ॅप टाकत सुटला. सगळ्यांचे हात खरकटे, फोन परत घेणार कोण! शेवटी नवरदेवाचे मामा म्हणाले, "पोरगा कामाचा आहे, पण भात कोण वाढन गा?"

* * *

एका आजोबांनी फोनमधली अक्षरं एवढी मोठी करून ठेवली होती की स्क्रीनवर 'नमस्कार' तेवढा मावायचा. 'पुढे जा' बटण पार खाली गायब. अ‍ॅप कसं वाटलं, विचारलं तर म्हणाले, "चांगलं आहे. नमस्कार करते अन् चूप बसते."

हा किस्सा सांगून नितेश स्वतःच आधी हसायचा. आता मी पुण्याला फोन करून सांगतो, तर तो मीटिंगमध्ये असतो.

* * *

नितेशची माय नवेगाव बांधला एकटीच राहते. तिचा फोन इतका जुना की आमचं अ‍ॅप प्रत्येक अपडेटनंतर त्यावर हमखास बंद पडते. असा फोन दुसरीकडे सापडत नाही आणि काकी तो कुरिअरनं पाठवू देत नाही. म्हणून नितेश सुट्टी टाकून गावी येतो, मायजवळ बसून दुरुस्ती करतो. तेवढंच त्याचं येणं.

या वेळी मी म्हटलं, पोराची धावपळ वाचवू. गेलो, चूक सापडली, अ‍ॅप झकास चालायला लागलं. मी खुशीत सांगितलं, "काकी, झालं! आता नितेशले यायची गरज नाही."

काकीनं अ‍ॅप उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. चालतच होतं. मग आत जाऊन तिनं माझ्यासाठी चहा आणला, आणि फोन परत माझ्या हातात दिला.

"बाबू, पयले होता तसाच करून दे."