सातभाई बघायला येणार

माझ्या भाचीचं लग्न मी एकदा चुकून पाखरांशी जमवलं होतं.

आमच्या बेळगाव-खानापूर भागातले पक्षी ओळखायला शिकवणारं एक पुस्तक निघणार होतं. धनेश, नवरंग असले देखणे पक्षी नावाजलेल्या फोटोवाल्यांकडे गेले आणि माझ्या वाट्याला आला सातभाई. मळकट, घोळक्यानं फिरणारा, दिवसभर भांडणारा. (संपादकांना आम्ही एकाच तोलाचे वाटलो असणार.) तरी पुस्तकात आपलं नाव येणार म्हणून मी ऑफिसभर सांगून बसलो होतो. आता पुस्तक सोमवारी छापायला जाणार आणि माझ्याकडे होत्या नुसत्या पळणाऱ्या शेपट्या! म्हणून जांबोटीला आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, फोन लावला. तिच्या परसात ही पाखरं रोज पाचोळा उलथून किडे शोधतात. पण आक्का त्यांना जन्मभर ‘मेली कलकलाटी’ म्हणत आलेली; त्यांना सातभाई म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं. (सातभाई हे आडनावही असतं, हे माझ्या गावी नव्हतं.)

“आक्का, रविवारी सातभाई बघायला येणार.”

“व्हय? किती जण?”

“सहा-सात तर असतातच. एकटं कोण फिरत न्हाय त्यांच्यात.”

“एकी हाय म्हण की. आणि खाण्यापिण्याचं?”

“काय पण चालतंय त्यांना.”

“स्थळ बरं हाय न्हवं रं?”

“एक नंबर स्थळ,” मी म्हणालो. मला वाटलं, परसाबद्दल विचारतेय.

रविवारी पोचलो तर अंगणात रांगोळी, दाजी इस्त्रीच्या शर्टात, आणि भाची पल्लवी साडी नेसून माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत उभी.

“मामा, मला एका शब्दानं विचारलं न्हाईस.”

आक्का माझ्या मागं बघत होती. “बाकीची कुठं हायत?”

“असतील की परसाकडं.”

“आल्या आल्या? सगळी?”

दाजी पाण्याची बादली उचलून निघाले.

खुलासा झाला तशी पल्लवी पोट धरून हसायला लागली. (तिची सुटका झाली होती.) आक्का मात्र पेटली. “पाखरं? अरं, पाव्हणे येणार म्हणून सगळा पाचोळा झाडून जाळला की मी!”

पाचोळा नाही म्हणजे किडे नाहीत, आणि किडे नाहीत म्हणजे सातभाई नाहीत. मला रडू यायचंच बाकी होतं. परसातल्या कट्ट्यावर पाव्हण्यांसाठी पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या, तिथं जाऊन बसलो आणि एक बशी ओढली. दुःखात मला जास्त भूक लागते.

तेवढ्यात कलकलाट झाला. एक आला, मागोमाग दुसरा, आणि बघता बघता अख्खं सासर बशांवर तुटून पडलं! माझा कॅमेरा घरात, पुढच्या सोप्यात खुंटीला.

“मामा, हलू नको,” मागून पल्लवी कुजबुजली आणि तिनं मोबाईलवर फोटो काढला.

पुस्तकात त्या पानावर पल्लवीचं नाव आहे. पुढच्या आवृत्तीसाठी खानापूरकडचे पक्षी तिलाच दिलेत. आक्का हल्ली तिच्या लग्नाचं काढत नाही आणि परसातला पाचोळाही झाडत नाही. ऑफिसात मी ते पान सगळ्यांना अभिमानानं दाखवतो. मीही आहे की त्यात. संपादकांनी मला कापलं, पण थोडा उरलो. खालच्या कोपऱ्यात जे वाळकं पान दिसतं ना, तो माझा कान आहे.