गाडी कुठं वितीय?

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही निर्जीव वस्तू राजीखुशीने विकत घेतली नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकतो. आणि माणूस कंजूष म्हणावा, तर तसंही नाही. वडगाव रासाईला त्यांच्या घरी गेलेला पाहुणा जेवल्याशिवाय सुटत नाही, आणि निघताना त्याच्या पिशवीत कांदे, वांगी, अंडी, हाताला लागेल ते कोंबलं जातं. एकदा मी नको नको म्हणत असताना त्यांनी जिवंत कोंबडी माझ्या गाडीत सोडली आणि ती शिरूरपर्यंत मागच्या सीटवर ऐसपैस बसून आली. देताना हात असा सैल. घेताना मात्र त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते कोणीही न विचारता ऐकवलं जाई. “जे वितंय ते इकत घ्यावं, आन् जे झिजतंय ते भाड्यानं आनावं.” मेंढी विते, गाय विते, कोंबडीखाली पिल्लं निघतात, म्हणून ती आपली. खुर्ची वीत नाही, शिडी वीत नाही, तेव्हा ती दुसऱ्याची. आपण बसावं, चढावं आणि परत करावं.

या शास्त्रामुळे मामांच्या घरातलं सामान येऊन-जाऊन असे. उन्हाळ्यात कूलर यायचा आणि आभाळ भरून आलं की जायचा. शिडी, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, सगळं भाड्याचं. माझ्या लग्नात त्यांनी घातलेला कोट संध्याकाळी परत करायचा होता, म्हणून फोटोग्राफरला बाजूला घेऊन त्यांनी आधी आपले फोटो काढून घेतले. आम्ही नवरा-नवरी मुंडावळ्या सावरत ताटकळलो. मामींना सकाळी उठल्यावर आधी हे पाहावं लागे की काल घरात असलेलं काय काय आज शिल्लक आहे. मुलाची शाळेची पुस्तकं मात्र कोरी करकरीत, विकत आणलेली, कारण “अक्कल वितीय.” विहीर खणली तेव्हा मी त्यांना खिंडीत गाठायला पाहिलं, तर म्हणाले, “पाझरती म्हंजी वितीच की!” चष्मा करायला शिरूरला आले होते तेव्हा मी बरोबर होतो. डोळे तपासून झाले आणि मामांनी दुकानदाराला विचारलं, “नंबर बदलत ऱ्हातो म्हंता ना? मंग ह्यो भाड्यानं द्या. नंबर बदलला की म्हागारी आनून दितो.” दुकानदार मोठ्याने हसला. मामा हसत नाहीत हे पाहून तो माझ्याकडे बघू लागला आणि मी भिंतीवरची अक्षरं वाचू लागलो. चष्मा शेवटी विकतच घ्यावा लागला. अजूनही तो परक्याची वस्तू असल्यासारखा दोन बोटांत धरून ते नाकावर ठेवतात.

हे शास्त्र आलं कुठून, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मामांचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेचसे महिने कोकणाच्या अंगाला उतरलेले असत. सगळा संसार एका घोड्याच्या पाठीवर. तिथे बसेल तेवढंच आपलं. मामा त्या वाटेवर चालतच लहानाचे मोठे झाले. एकदा त्यांच्या आईने हौसेने पितळेचा हंडा घेतला. घाट चढताना घोडं लंगडायला लागलं, तसा वडिलांनी तो हंडा उतरवला आणि वाटेवरच्या एका घरात देऊन टाकला. आई पुढच्या मुक्कामापर्यंत मागं वळून वळून बघत चालली. ही गोष्ट मामांनी मला एकदाच, उसाला पाणी देताना सांगितली आणि लगेच पाण्याचं बारं मोडायला, पुढच्या सरीत पाणी वळवायला निघून गेले. आता पक्कं घर आहे, ऊस आहे, मेंढरं हौसेपुरती. घोडं तर कधीच गेलं. पण मामांच्या डोक्यात ते अजून उभं असावं आणि दारात येणारी प्रत्येक वस्तू ते आधी त्याच्या पाठीवर ठेवून बघत असावेत, असं मला वाटतं.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण मामींचं माहेर राहू गावी. वडगावहून भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो आणि तिथून राहू काही लांब नाही. माहेरी आता त्यांची थोरली बहीण तेवढी आहे. आक्का. आई लवकर गेल्यावर मामींना तिनेच वाढवलं. आक्कांची नजर अधू झालेली, इकडे मामींचे गुडघे धरलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. मुलाच्या मोटरसायकलवर त्या एकदाच बसल्या आणि उतरवायला गल्ली गोळा झाली. म्हणून मामा गावातली जीप भाड्याने ठरवत. जीपवाल्याला पुढचं भाडं असे. मामी बहिणीपाशी टेकतात न टेकतात तोच बाहेर हॉर्न वाजायचा, आणि अर्धा चहा तसाच ठेवून त्या उठायच्या. आक्का म्हणायच्या, “बस की गं अजून.” मामी म्हणायच्या, “गाडी परक्याची हाय, आक्का.” कैक वर्षं हे असंच. “मला आक्कापाशी एकदा हॉर्न न वाजता बसायचंय गं,” असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. मामांना त्या कधीच काही म्हणाल्या नव्हत्या. बायकोनेच ते मामांच्या कानावर घातलं, आणि मामा विचारात पडले.

मामांचं विचारात पडणं म्हणजे सगळ्या नातेवाइकांनी पडणं. गाडी घ्यायची, की आपलं भाडंच बरं? माझ्या दाराशी एक लहानशी गाडी उभी असल्यामुळे सल्लागाराचं पद आपोआप माझ्याकडे आलं. दर रविवारी सकाळी फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, “जावईबापू, समदं खरं, पर गाडी कुठं वितीय?” मग ते स्वतःच “बघू” म्हणून फोन ठेवत. असे दोन ऊस तुटून गेले.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात आहे. आमच्या साहेब लोकांच्या गाड्या लीजवर असतात. म्हणजे काही वर्षं गाडी आपल्या दारात, आपण हप्त्याने भाडं द्यायचं आणि मुदत संपली की परत. हे मी एकदा सहज सांगितलं आणि मामांचा चेहरा उजळला. “म्हंजी खंडानं! रान खंडानं करत्यात, तशी गाडी खंडानं!” दुसऱ्याच दिवशी आम्ही शिरूरच्या एका शोरूममध्ये. मामांनी गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकावर थाप दिली आणि म्हणाले, “जरा तोंड उघडा बरं.” टायवाल्या गृहस्थांनी आधी स्वतःचं तोंड उघडलं, मग बॉनेट उघडलं. मामा बराच वेळ आत बघत होते. मग खूश होऊन त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्या गृहस्थांचा हात धरला आणि वरून उपरणं टाकलं. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा असतो. टायवाल्यांना हे काय ठाऊक? नाडी बघतायत असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी भांबावून, हात मिळवतात तसा मामांचा अख्खा पंजा गच्च धरला. विजेचा झटका बसावा तसा मामांनी हात मागे घेतला. “समदी बोटं? लई सांगितलं राव!”

ते निस्तरल्यावर लीजच्या अटी सुरू झाल्या. काचेवर नाव घालायचं नाही. ओरखडा चालणार नाही. गाडीत जनावर न्यायचं नाही. “कोंबडी?” मामांनी विचारलं. कोंबडीही नाही. आणि वर्षाला अमुक किलोमीटरच चालवायची, पुढे गेलात तर जादा भाडं. इथे मामा उठले. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. “म्हंजी हॉर्नच की ह्यो! जीपवाला भाईर वाजवायचा, तुमी कागदात वाजवनार.” बाहेर आल्यावर उसाचा रस पाजून त्यांनी माझी समजूत काढली, जशी काही गाडी मलाच हवी होती.

नंतर एकदा गावातली जीप कुठल्याशा लग्नाला गेली होती, म्हणून मामा-मामींना मीच माझ्या गाडीने राहूला नेलं. मुद्दाम सुट्टी घेतली होती. वाटेतच सांगून टाकलं की आज घाई नाही, दिवेलागणीपर्यंत बसा. आक्कांनी मामींचा हात मांडीवर घेतला आणि त्या नुसत्याच कुरवाळत राहिल्या. मी बाजेवर बसलो होतो. खिशात चावी टोचत होती, ती काढून शेजारी ठेवली. तेवढा आवाज झाला आणि मामी उठल्या. चपला शोधायला लागल्या. “अहो मामी, कुठं निघालात?” मी म्हणालो. “व्हय व्हय,” म्हणून त्या खाली बसल्या. पण आता अगदी कडेला, पदर सावरून. थोड्या वेळाने पुन्हा उठल्या. मला फार वाईट वाटलं. दारात उभे राहून मामा सगळं बघत होते. परत येताना पुलावर आम्ही पोचलो तेव्हा मामी मागच्या काचेतून नदीपलीकडे बघत होत्या. मामा हळूच मला म्हणाले, “आमची आई अशीच बघत चालली व्हती.” मग नदी संपली. आणि एकदम, “उद्या शोरूमला जाऊ. इकतच घिऊ.”

गाडी आली. पांढरी, बेताची. मागच्या काचेवर लोक मुलांची नावं घालतात; मामांनी ‘आक्का’ घातलं. गाडी शिकवणाऱ्या माणसाने मात्र त्यांच्यापुढे हात टेकले. मामांना आयुष्यभर मेंढरांच्या मागून चालायची सवय. पुढे बसून जायचं, ही कल्पनाच त्यांना पटेना. दर वळणावर ते कळप येतोय का म्हणून मान मागे वळवत, आणि समोर ट्रक आला की हॉर्न सोडून “हुर्रर्र” करत. हॉर्न तर ते आजही वाजवत नाहीत. “आक्काच्या दारात वाजलेला लई झाला,” म्हणतात.

पहिल्यांदा स्वतःच्या गाडीने दोघं राहूला गेली त्या दुपारी मला फोन आला. मामा ओरडत होते, “जावईबापू, गाडी बंद पडली! चालूच व्हईना!” मी म्हणालो, थांबा, तिथे ओळखीचा मेकॅनिक आहे, पाठवतो. मामांचा आवाज झटकन खाली आला. “पाठवू नका. गाडीला काय झालं न्हाई. चा पिऊन झाला आन् ही सवयीनं उठली. हॉर्न न्हाई, कोन न्हाई, तरी उठली. म्हनून म्या सांगितलं, बंद पडली.” मग पुन्हा मोठ्याने, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं, “उद्याबगर येत न्हाई म्हंतो का त्यो? बरं बरं! मंग ऱ्हातो की आमी!” मेंढीच्या सौद्यातही कधी खोटं न बोललेला हा माणूस. त्या रात्री मामी माहेरी राहिल्या. आक्कांनी चाचपडत त्यांच्या डोक्याला तेल लावून दिलं, हे त्यांनी नंतर माझ्या बायकोला कितीतरी वेळा सांगितलं.

तेव्हापासून ती गाडी राहूला गेली की हमखास बंद पडते. पारावर लोक मामांची टर उडवतात. खोटा माल गळ्यात मारला म्हणतात, भाड्याचीच बरी होती म्हणतात. मामा मुकाट ऐकून घेतात. मी एकदा चिडवायला म्हणालो, “काय मामा, विली का गाडी?” तर म्हणाले, “विती की. राहूला गेली की एक मुक्काम दिती.”

आक्का आता फार थकल्या आहेत. आवाजावरूनही माणूस पटकन ओळखत नाहीत. परवा मामांच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज मामींचा होता. “जावईबापू, गाडी बंद पडलीय.” मी नेहमीप्रमाणे विचारलं, “मेकॅनिक पाठवू का?” पलीकडे मागून आक्कांचा बारीक आवाज आला, “हॉर्न वाजला का गं?” “न्हाई गं आक्का, तू पड,” मामी म्हणाल्या. मग फोन तोंडाशी धरून अगदी हळू, “नका पाठवू कुनाला. आन् गाडीला काय झालं न्हाई हे मला ठावं हाय, ते ह्यांना सांगू नका.”

मी बरं म्हणालो.