मधल्या भिंतीची ओल

आमची न्हाणी आणि थोरल्या जावेची देवखोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. घराची वाटणी झाली तेव्हा ती घातली. माझ्या बाजूला न्हाणी आली आणि तिच्या बाजूला त्याच भिंतीत देवांचा कोनाडा. पुढे माझ्या न्हाणीतल्या फरशा जुन्या झाल्या, खालच्या कोपऱ्यातलं पांढरं सिमेंट झिजून गेलं आणि तिच्या कोनाड्यात ओल दिसू लागली.

एक दिवस अंगणात ती मला म्हणाली, "तुह्या आंघोळीचं पानी माह्या देवाच्या अंगावर येते वं. काई वाटते का तुले?"

अशा वेळी मला शब्द सुचत नाहीत, घरात गेल्यावर सुचतात. तेव्हापासून तिनं बोलणं सोडलं. दोघे भाऊ बोलत होते, एकाच गाडीवर नांदगाव पेठच्या कारखान्यात जात होते. अबोला आम्हा दोघींचाच. वाटीभर भाजी इकडून तिकडे जायची, तीही थांबली.

यांना म्हटलं की म्हणायचे, "मिस्त्री पाहू." पण मिस्त्री येणार दिवसा, मी घरात एकटी, आणि काम न्हाणीतलं. मला ते नको वाटायचं. शेवटी मीच हार्डवेअरच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं सगळी पुरुष. ती जाईपर्यंत मी खिळ्यांच्या डब्यांपाशी उभी राहिले. मग दुकानदाराला हळूच फटीचं सांगितलं. त्यानं सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची लोखंडी गन काढून दिली. म्हणाला, "तोंड तिरपं कापा, न थांबता ओढा. मंग एक दिवस, एक रात्र पानी लागू देऊ नका."

माझं माहेर खेड्यातलं. आई भिंत लिंपायची तेव्हा आधी पाण्याचा शिडकावा मारायची. कोरड्या भिंतीला शेणमाती धरत नाही. माझ्या हाताला तेच वळण. कोपरा घासून, धुऊन ओल्यावरच मी सिलिकॉन भरलं. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर सगळी पट्टी दोरीसारखी निघून हातात आली. मी बराच वेळ ती हातात धरून न्हाणीतच बसले. पलीकडच्या घरात जाऊ भांडी घासत होती. आवाज स्पष्ट येत होता. इतक्या जवळ असून तिला सांगावं असं काही माझ्याजवळ नव्हतं.

दुसरी नळी आणली. सकाळच्या आंघोळी उरकल्या तशी फट जुन्या चाकूनं खरडली, फडक्यानं पुसली आणि समोर टेबलफॅन लावून ठेवला. बोटाला कोपरा गार लागेना, तेव्हाच नळी धरली. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून पट्टी सारखी केली. या वेळी ती फटीत नीट बसली.

हात पुसत होते तेवढ्यात यांचा फोन आला. अकोटचे चुलत सासरे गेले. "आम्ही दोघं इथूनच निघतो. तू आंघोळ करून घे," एवढंच म्हणाले.

मी नवी नवरी असताना बाया मला उखाण्यासाठी छळत होत्या आणि माझ्या तोंडून शब्द निघेना, तेव्हा त्याच सासऱ्यांनी सांगितलं होतं, "राहू द्या तिले. बोलन तिच्या मनानं." ते आठवलं आणि रडू आलं.

भाऊकीतलं माणूस गेल्याचं कळलं की आमच्याकडे डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय माठालासुद्धा हात लावत नाहीत. आणि न्हाणीत पाणी सांडता येत नव्हतं. आता ओली झाली की पुन्हा तीच ओल, पुन्हा तोच कोनाडा. बादली भरून मी अंगणात आले. तारेवर लुगड्याचा आडोसा केला. पण आमच्या अंगणात चारी बाजूंच्या गच्च्यांवरून दिसतं. मी तशीच उभी राहिले.

जाऊ ओल्या केसांनी बाहेर आली. तिलाही निरोप पोचला होता.

"काहून उभी हायेस वं अंगनात? न्हानी पळाली काय तुही?"

"फट भरली बाई. ओली करता येत नाही."

"मिस्त्री कवा आला?"

"मीच भरली."

ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. नखांत पांढरं सुकलं होतं. मग तिनं माझी बादली उचलली. "चाल इकडं. सुतक दोघीलेबी सारखंच."

तिच्या न्हाणीत मी डोक्यावरून पाणी घेतलं. परत येताना देवखोलीचं दार उघडं दिसलं. अबोल्यानंतर मी त्या घरात गेलेच नव्हते. कोनाडा रिकामा होता. देव एका ताटात मांडून कपाटावर ठेवले होते. भिंतीचे पोपडे सुटले होते आणि डाग पार वरच्या फळीपर्यंत चढला होता. मी ऐकलं होतं, पाहिलं आज. एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

जाऊ मागे उभी होती. म्हणाली, "आता सुतक फिटेपर्यंत देवाले हात लावता येत नाई. तवरिक वाळते का पाहू."

त्या दिवसांत दोघी एकाच घरी स्वयंपाक करायचो. रोज सकाळी ती भिंतीला हात लावून यायची, काही सांगायची नाही. आंघोळ करताना मात्र मी पाणी जपून घ्यायचे.

सुतक फिटलं त्या सकाळी तिनं हाक मारली. माझा हात धरून कोनाड्यात टेकवला. भिंत खरखरीत होती, पण कोरडी होती. पोपडे तिनं आधीच काढून ठेवले होते. चुना कालवलेला होता. तिनं ब्रश माझ्या हाती दिला.

"आंधी पानी मार. कोरड्या भितीवर चुना नाई धरत."

तांब्यात हात बुडवला, पण त्या भिंतीवर पाणी टाकायला माझा हात उचलेना.

"मार वं," ती म्हणाली. "भेतं काय?"