एक फळी लांब, एक आखूड

दोन हजार तेवीस साल होतं, मी एकाहत्तरचा होतो, आन तोवर अख्ख्या अंबड तालुक्यात माझ्यासमोर बसून मला चालायचं शिकवायची छाती एकट्या माझ्या जावयाची झाली होती. जावईबापू काश्मिरात बरफावर घसरायचं शिकवतात. माणूस घसरतो तो आपोआप, त्याला मास्तर कशाला? वर दमाचं, काळजाचं शास्त्रही शिकलेले. येणार ऐन मे महिन्यात, अंगण तव्यासारखं तापलेलं असताना, आन घाम पुसत पुसत नॉर्वे देशातल्या जुन्या लोकांची गोष्ट लावणार. म्हणे ते पायाला फळ्या बांधून बरफावरनं जायचे, डावी लांब, उजवी आखूड, हातात एकच काठी. मी म्हणलं, "चपलाचा जोड बराबर न्हाई त्यांचा, आन तुम्ही मला त्यांचं कवतिक सांगून राह्यले?" रागवायचं सोडून हा माणूस खूश! "मामा, लांब फळीवर घसरायचं, आखूड फळीनं रेटायचं. त्यातले काही तुमच्यासारखेच, जनावरं राखणारे." माझ्यासारखे! मी चौथीत शाळा सोडली ती काय फळीवर उभं राहून मेंढरं राखायला?

त्या साली लेकीनं ठरवलं, दादा थकले, मेंढरं विकायची. नवऱ्याला आणलं ते माझी तपासणी करायला. तो म्हणेल तसं करायचं. मला कोणी विचारलं न्हाई. पाव्हण्यानं माझ्या छातीला ठोके मोजायचा पट्टा बांधला, दोनदा टेकडी चढवली, मंग ओट्यावर बसवून घड्याळात बघितलं आन लेकीला हाक मारली, "अगं, मामांचं काळीज केवढं मंद आहे!"

मंद! माझ्याच ओट्यावर, माझ्या बायकोदेखत! मंद तुझा बाप, असं जिभेवर आल्तं. जावई म्हणून गिळलं. पट्टा काढून फेकला. "खुशाल विका मेंढरं, पर मला मंद म्हणायचं न्हाई!"

"अहो मामा, मंद म्हणजे मजबूत! एका ठोक्यात दोन ठोक्यांचं काम करतंय. असं काळीज कमवायला माझ्या खेळाडूंना वर्षं लागतात." मंग लेकीकडं वळून म्हणाले, "मेंढरं विकलीस तर मामा बसून खंगतील. मी ह्यात नाही."

लेकीनं मेंढरं विकायचं नाव टाकलं. मी दोन घास कमीच खाल्ले. शब्द लागला तो लागला. पर घरात माझ्या बाजूनं बोलणारं एकच माणूस निघालं, तेही परक्या घरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं सोडली, तर पाव्हणे पाठीमागं, उन्हानं लालबुंद, धापा टाकत. मी रानात कोणासाठी थांबत न्हाई. त्या सकाळी मात्र पाऊल हळू केलं.