हजार दिवसांसाठी लपवलेलं मनगट

आमच्या धाकट्या भावजींना, जितेंद्रना, दुखणं सांगायची लाज वाटते. दाढ काढताना डॉक्टरांनाच म्हणाले होते, "माफ कीजिए, आपको तकलीफ दे रहा हूँ." मिसरोदला आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. बावीस वर्षं मंडीदीपच्या एका कारखान्यात फिटर. तिथे लहानथोर सगळे त्यांना 'दादा' म्हणतात. दादा म्हटलं की माणूस फुकटात राबतो, असं त्यांची बायको, माझी जाऊ मंजूषा म्हणते.

त्या मंगळवारी अंगारकी होती. भावजी संध्याकाळी उजवा हात खिशात घालून आले. मोदकांसाठी नारळ फोडायला दिला, तर डाव्या हाताने फोडायला गेले आणि नारळ घरंगळत फ्रिजखाली गेला. मंजूषाने हात बाहेर ओढला. मनगट वांग्यासारखं सुजलेलं.

"काही नाही गं. पाना निसटला, हातावर पडलो."

"कारखान्यात?"

"हो, पण बोलायचं नाही. आज नऊशे चौऱ्याण्णव आहे."

कारखान्याच्या फाटकावर एक फलक आहे. अपघात न होता किती दिवस गेले, त्याचा आकडा त्यावर रोज बदलतात. सोमवारी हजार भरणार होते आणि मालक बेचाळीस जणांना पाच-पाच लिटरचा कुकर देणार होते. एक अपघात नोंदवला की पुन्हा शून्य.

"एक्केचाळीस घरांच्या बायका शिव्या घालतील मला," भावजी म्हणाले.

"बेचाळिसावी समोर उभी आहे," मंजूषा म्हणाली.

तरी दवाखाना नाहीच. बुधवारी हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे गेले. "नस पे नस चढ़ गई है, भैया," म्हणत त्याने सरसूचं म्हणजे मोहरीचं तेल चोपडलं आणि हात असा ओढला, की बघणारे ओरडले. भावजी ओरडले नाहीत, पहलवानाला वाईट वाटेल म्हणून. मग रोज मालिश. मीही देवाचा अंगारा लावला. अंगाऱ्यावर माझा विश्वास आहेच. पण अंगारा लावूनही दवाखान्यात जाता येतं, हे तेव्हा सुचलं नाही.

सोमवारी हजार भरले. भावजींनी दोन्ही हातांनी कुकर उचलून, हसून फोटो काढून घेतला. मंगळवारी बोटं हलेनात, तेव्हा कामगार विम्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कैसे लगी?" समारंभाला एकच दिवस झालेला. म्हणाले, "बाथरूम में फिसल गया." डॉक्टरांनी तेच लिहिलं. एक्स-रेमध्ये दिसलं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटातलं छोटं हाड मोडलंय, आणि मालिश करून करून तुकडे लांब सरकलेत. दहा आठवडे प्लास्टर.

पगार थांबला, तेव्हा विमा कचेरीत भरपाईचा अर्ज केला. नामंजूर! कारणं तीन: दवाखान्यात सात दिवस उशिरा आले, चिठ्ठीवर बाथरूम, आणि कुकरचा तो हसरा फोटो.

फेरचौकशीला साक्षीदार हवा होता. भावजींनी दहा जणांना फोन केले. एकाचे सासरे आजारी पडले. दुसरा म्हणाला, "दादा, कुकर में तो दाल चढ़ चुकी है, अब क्या बोलूँ?"

आली ती एकटी कल्पना, स्टोअर सांभाळणारी. पाना निसटला तेव्हा तिनेच ओढणीने हात बांधला होता. मंजूषा आणि मी मागच्या बाकावर बसलो. माझा मनातल्या मनात जप चालला होता.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "सात दिन क्या किया?"

"मालिश, साहब."

"और डॉक्टर से झूठ बोला?"

"जी. आदत नहीं है, इसलिए जो पहला सूझा वही बोल दिया."

"इनकी तो आदत ही चुप रहने की है, साहब," मागून मंजूषा. तिला गप्प बसवलं.

कल्पना उभी राहिली. "मैंने देखा है. सबने देखा है. चाहें तो मेरा कुकर ले लीजिए, पर दादा बाथरूम में नहीं गिरे."

अधिकाऱ्यांनी कागदावरचं 'बाथरूम' खोडलं. मग म्हणाले, अपघात कारखान्यातलाच धरू, दहा आठवड्यांचा पगार मिळेल. पण मनगट कायमचं आखडलं त्याची भरपाई अर्धीच. पहिल्याच दिवशी प्लास्टर घातलं असतं तर हाड जुळलं असतं. "जितना कारखाने ने तोड़ा, उतना मिलेगा. जितना पहलवान ने, उतना नहीं."

भावजी त्यांनाही "थँक्यू" म्हणाले. मंजूषाने कपाळाला हात लावला.

श्रावणात जानवं बदलायला भावजी पाटावर बसले. उजवा तळहात आता खोलगट होत नाही, त्यामुळे आचमनाचं पाणी त्यात ठरेना, सगळं धोतरावर. गुरुजी म्हणाले, "बायकोने पळीने तोंडात घातलं तरी चालेल." मंजूषाने तीन पळ्या घातल्या. मग चौथी.

"तीनच असतात गं," भावजी.

"माहीत आहे," ती म्हणाली. "आ करा."